थेट मालकाकडून

जाहिरात मी रात्री अकराला टाकली,
चष्मा पुसून, एका बोटाने.
दोन खोल्या, सातवा मजला, सकाळचं ऊन,
खिडकीतून तिबिलिसी सागराची निळी रेघ.
दलाल नको. थेट मालकाकडून.

शेवटचे दोन शब्द
वकीलबाईंनी आज पेन्सिलीने अधोरेखित केले,
दोनदा. कागद फाटेल असं वाटलं.

चाळीस वर्षं मी भूगोल शिकवला.
कुठली सीमा कुठे संपते हे डोळे मिटून सांगतो.
पण त्सियालाच्या दाराची किल्ली
माझ्या किल्लीची जुळी बहीण निघाली,
एकाच सोव्हिएत कारखान्यातली कुलुपं;
अंधारात कधी चुकीची लावली
तर तीही फिरायची, अर्धी.

सहा वर्षांपूर्वी ती बारीला गेली
एका इटालियन म्हातारीचं अंग पुसायला, तिला भरवायला.
जाताना म्हणाली, "नुगझार, लिंबाला पाणी घाल.
घराकडे लक्ष असू दे."
मला तेवढी पडत्या फळाची आज्ञा.
लक्ष असू दे, म्हणजे बघ.
बघ, म्हणजे सांभाळ.
सांभाळ, म्हणजे –
लिफ्टच्या डब्यात टाकायला नाणं नसलं की
जसा पायरी पायरीने उतरतो
तसा उतरत गेलो.

त्या वर्षी तेमकात कोळशाची खोलीसुद्धा भाड्याने गेली.
माझी दाढ ठणकत होती. गॅसचं बिल दारात.
"निम्मे पैसे तिला पाठवणार होतो," मी सांगितलं.
"किती पाठवलेत?" वकीलबाईंनी विचारलं.
खाली अंगणात कुणीतरी गालिचा झोडपत होतं.

एलिसो आली झुगदिदीहून, सातवा महिना लागलेला.
लिंबाचं पान चुरगळून तिने वास घेतला
आणि पाकीट पुढे केलं, अनामत आणि पहिला महिना.
मी पावती दिली. खाली सही,
सहीखाली: मालक.
हात कापला नाही.
हजेरीपटावर सही करायचो, तसाच चालला.

बारीत म्हातारी झोपली होती.
भाचीने पाठवलेल्या फोनच्या उजेडात
त्सियालाने स्वतःचं स्वयंपाकघर पाहिलं,
भिंतीवर ती गेली त्या मार्चचं कॅलेंडर, न उलटलेलं,
आणि खाली किंमत, महिना सहाशे लारी.
तिचा फोन आला. ओरडली नाही.
"लिंबू कसं आहे?"
"दोन लागलीत," मी म्हणालो.
"दिसली मला. तिसऱ्या फोटोत."

वकीलबाई माका आवाज न चढवता सांगतात:
मुलीची अनामत परत. घर वापरलं त्याचे पैसे त्सियालाला.
म्हणजे एकदा घेतलेलं दोनदा द्यायचं.
आणि पावतीवरचा तो शब्द फौजदारीत गेला,
तर तिथे मी तुमचं वय पुढे करीन, दुसरं काही नाही माझ्याकडे.
"आणि भाडेकरू आलाच नसता तर?"
"तरी प्रश्न उरतोच, आजोबा.
परस्पर जाहिरात देणं म्हणजे दुसऱ्याच्या तोंडाने बोलणं.
ऐकणारा फसला नाही, हे त्याचं नशीब."
"घर रिकामं होतं हो."
"रिकामं होतं. बेवारस नव्हतं."

एलिसोच्या कागदाला किंमत नाही असं ठरलं.
तिने पाळणा जिन्यात टेकवला, श्वास घेतला,
मला शिव्या द्यायला हव्या होत्या. तिने विचारलं,
"मग इतके दिवस आम्ही कुणाकडे राहिलो?"
चाळीस वर्षांत मला
उत्तर येत नाही असा प्रश्न
कुठल्या मुलाने विचारला नव्हता.

किल्ली आता पाकिटात आहे.
माझी तर गेली नाही ना, दोनदा दार लावून पाहिलं.
सोबत तडजोडीचा अर्ज.
नाव लिहिलं, पत्ता लिहिला,
पुढचा रकाना: घरमालकाशी नातं.
शेजारी, असं लिहायला गेलो,
आणि पेन थांबलं.
तेही आता
तिला विचारूनच लिहावं लागेल.